स्वल्पविरामांची वही

१

टेमघरच्या भोईरांच्या घरात पत्र्याची एक पेटी होती आणि तिची किल्ली कायम आक्कांच्या कंबरेला. दोन हजार पाच सालच्या डिसेंबरात, एका शुक्रवारी सकाळी, प्रितमने ती किल्ली मागून घेतली, पेटी उघडली आणि तिथूनच विचारलं, "आत्या, वही कुठाय?"

आता वही म्हणजे कुणी म्हणेल, त्यात एवढं काय! दुकानात ढिगाने मिळतात. पण ही वही तशी नव्हती. आक्का, म्हणजे ठकूबाई, टेमघरातून मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. ऐन तारुण्यात नवरा गेला, माहेरी परत आल्या आणि इथल्याच शाळेत त्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. यंत्रमाग चालवणाऱ्या लूमवाल्यांची, शेतकऱ्यांची, हमालांची पोरं त्यांच्या हाताखालून गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम हाती घेतलं. इंग्रजी लिहिताना स्वल्पविराम कुठे द्यायचा आणि कुठे द्यायचा नाही, एवढाच विषय, पण दोनशे पानं भरली. कुणाला हाक मारली की नावापुढे द्या. चार वस्तू ओळीने सांगितल्या की मध्ये मध्ये द्या. वाक्यात बाजूची एखादी गोष्ट घुसली तर तिला दोन्हीकडून कुंपण घाला. सगळं मराठीत समजावलेलं आणि खाली इंग्रजी उदाहरणं, मोत्यासारख्या अक्षरात.

रविवारी जुने विद्यार्थी आक्कांचा सत्कार करणार होते आणि त्याच वेळी ही वही छापखान्याकडे सोपवायची होती. दुसरी पुरी प्रत नव्हती. आणि शुक्रवारी पेटीत वही नव्हती.

प्रितमचे वडील बाळाराम, गाव त्यांना भाऊ म्हणे, शेजारी येऊन उभे राहिले. पेटीत आक्कांची दोन लुगडी होती, दाखले होते, आणि ज्या मांजरपाटाच्या तुकड्यात वही गुंडाळून गाठ मारलेली असायची तो तुकडा घडी करून ठेवलेला होता. कुलूप शाबूत होतं. भाऊंना त्या पेटीत काहीतरी खटकलं, पण काय ते त्यांच्या ध्यानात येईना. आक्का कॉटवर बसल्या, "नाहीये का?" एवढंच म्हणाल्या आणि अंग कणकणतंय म्हणून दार लोटून आडव्या झाल्या.

प्रितम मात्र आडवा होणारा गडी नव्हता. तो थेट मागच्या दारी गेला, कारण तिथे बायडी भांडी घासत होती.

२

बायडी डोंगराकडच्या पाड्यावरून रोज चालत येई. त्या गल्लीतल्या चार घरांत तिचं काम होतं, भोईरांकडे तर नऊ वर्षांपासून. तांदूळ निवडण्यापासून आक्कांचे पाय चेपण्यापर्यंत सगळं ती करी. तिची सोनल दहावीला होती आणि आक्का तिला फुकट इंग्रजी शिकवत.

प्रितमने तिला काय काय विचारलं ते सगळं सांगण्यासारखं नाही. आत्याच्या खोलीत तूच जातेस, किल्ली तुझ्याच नजरेसमोर असते, वही कुणाला विकलीस, असं बरंच. आवाज चढलेला आणि शेजारच्या बायका नळावर. तो असा तापट, पण आत्यावर जीव टाकणारा, आणि जीव टाकणारी माणसं अशा वेळी जास्तच आंधळी होतात.

बायडीने हात धुतले, पदराला पुसले.

"मी न्हाय घेतली, दादा," ती म्हणाली. आणखी एक शब्द न बोलता ती निघून गेली. दुपारपर्यंत बाकीच्या तीन घरांनीही तिला निरोप धाडले, की उद्यापासून येऊ नकोस.

भाऊंना हे फार लागलं. त्यांनी चाळीस वर्षं कापड कारखान्याच्या फोल्डिंग खात्यात काढली होती. लूमवरून उतरलेलं कापड उजेडासमोर धरायचं, दोष शोधायचा आणि तो कोणत्या लूमचा, कोणत्या शिफ्टचा हे सांगायचं, हे त्यांचं काम. तिथे त्यांनी एक पथ्य पाळलं होतं. दोष सापडल्याशिवाय कुठल्याही कारागिराचं नाव घ्यायचं नाही, कारण एकदा नाव घेतलं की त्याची रोजी गेली, मग पुढे तो निर्दोष निघो नाहीतर न निघो. इथे तर त्यांच्या स्वतःच्या मुलाने आधी नाव घेतलं आणि दोष शोधायचा राहिलाच.

त्यांनी प्रितमला समोर बसवलं. पोलिसांत जायचं नाही, रविवारपर्यंतचा वेळ मला दे, असं सांगितलं. प्रितम कुरकुरला, पण बापापुढे त्याचं फार चालत नसे. आणि जाता जाता तो एक गोष्ट सांगून गेला, जी भाऊंना ठाऊकच नव्हती. कल्याण नाक्यावर क्लास चालवणारा भाविक, आक्कांचा जुना विद्यार्थी, गेल्या महिन्यात दोनदा घरी आला होता. त्याला वही विकत हवी होती.

३

भाविकचा क्लास सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंग कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. भाऊ पोचले तेव्हा पोरं नुकतीच सुटली होती. भाविकने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, पाया पडला. चोर असा वागतो का, असं भाऊंना वाटलं, आणि लगेच वाटलं, की वागतही असेल.

त्यांनी सरळच विचारलं. भाविकनेही लपवलं नाही. होय, वही मागितली होती. आक्का देईनात म्हणून पुन्हा गेलो होतो. आज सकाळी मात्र सातपासून इथेच होतो, चाळीस पोरं साक्षीला आहेत.

"तुला ती छापून तुझ्या नावावर खपवायची होती का?"

भाविकने चहाचा कप खाली ठेवला.

"भाऊ, खोटं नाही बोलत. मला ती छापायची नव्हती. ती कुणीच छापू नये, म्हणून मला हवी होती."

यापुढे तो काही सांगेना. भाऊंनी खोदून खोदून विचारलं, रागावून पाहिलं, तरी नाही. आक्कांनी मला माणसात आणलं, त्यांच्याबद्दल वाईट शब्द माझ्या तोंडून निघणार नाही, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. जिना उतरताना मात्र मागून आला आणि हळूच म्हणाला, की हे आक्कांना विचारू नका, वही उतरवून घेणाऱ्या तुमच्या सुनेला विचारा.

४

सून म्हणजे मृणाली. पूर्णा गावातल्या एका गोदामाच्या ऑफिसात ती कामाला होती, इंग्रजी माध्यमात शिकलेली. छापखान्याच्या सोयीसाठी महिनाभर ती वही कॉम्प्युटरवर उतरवून घेत होती, पण जेमतेम तीस पानं झाली होती. घरात चोरी झाल्यापासून ती गप्प गप्प होती, हे भाऊंनी पाहिलं होतं. पण सुनेला एकदम कसं विचारायचं? घरातलं माणूस दुखावलं की ते भरून यायला वेळ लागतो. शनिवार सकाळपर्यंत त्यांनी कळ काढली.

तेवढ्यात दारात सोनल आली. आक्कांनी वापरायला दिलेली डिक्शनरी तिने ओटीवर ठेवली, तिच्यासोबत आक्कांनीच घेऊन दिलेली आपली इंग्रजीची वहीही ठेवली. आईने सांगितलंय की त्या घरातलं काही आपल्याकडे नको, असं ती खाली मान घालून बोलली. भाऊंनी तिला थांबवायचा प्रयत्न केला. ती थांबली नाही. आतल्या खोलीचं दार बंदच होतं, पण आत कॉट करकरली.

भाऊंनी सोनलची वही उघडली. इंग्रजी आता त्यांना धड वाचता येत नव्हतं. मॅट्रिकला ते इंग्रजीतच गचकले होते आणि त्यानंतर त्या भाषेच्या वाटेला गेले नव्हते. पण नजर चाळीस वर्षांची होती, ती गप्प बसेना. आक्कांनी आपल्या वहीतून तोंडी सांगून लिहून घेतलेलं एक पान त्यांनी खिडकीच्या काचेवर धरलं आणि कापडातले दोष मोजावेत तसे स्वल्पविराम मोजले. सदतीस. त्यातले नऊ सोनलने गाळले होते, ते आक्कांनी लाल शाईने घातले होते आणि तेवढे गुण कापले होते. आणखी एक नवल होतं. सगळे सारख्या अंतरावर होते. चार शब्द, स्वल्पविराम, पुन्हा चार शब्द.

तिथेच टेबलावर मृणालीने छापून आणलेली पानं होती. मथळ्याची अक्षरं ताडून त्यांनी तोच उतारा शोधून काढला. मजकूर सोनलच्या वहीतलाच होता, पण छापील पानावर स्वल्पविराम भरले फक्त अकरा.

सदतीसातले सव्वीस कुठे गेले?

भाऊंनी दोन्ही पानं मृणालीपुढे धरली, तेव्हा ती रडायलाच लागली. "बाबा, मी काढले. ते चुकीचे होते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वहीतले नियम बरेचसे बरोबर होते, पण पहिल्याच पानावर एक नियम सगळ्यांच्या वर बसवलेला होता. वाक्य मोठ्याने म्हणा, जिथे दम घ्याल तिथे स्वल्पविराम द्या. आणि उदाहरणं लिहिताना आक्कांनी तो इतका पाळला होता, की कर्ता एका बाजूला आणि त्याचं क्रियापद दुसऱ्या बाजूला पडत होतं. मृणालीला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा हात चुकला असेल. तिने न बोलता ते काढून टाकले आणि बुधवारी पहिली तीस पानं आक्कांना तपासायला नेऊन दिली. वाटलं, त्यांच्या लक्षातही येणार नाही.

भाऊंना भाविकचं वागणं आता कळलं. आक्कांच्या शाळेची भिंत आणि चोवीस लूमच्या कारखान्याची भिंत एकच होती. त्या खडखडाटात पोरांना ऐकू जावं म्हणून आक्का बेंबीच्या देठापासून ओरडून मजकूर सांगत. अशा आवाजात माणसाला चार शब्दांवर दम घ्यावाच लागतो. आक्का दम घेत, पोरं स्वल्पविराम देत, आणि जो देत नसे त्याचा गुण कापला जाई. तीस वर्षं टेमघरची पोरं इंग्रजीत धाप टाकत लिहीत होती. कॉलेजात, ऑफिसात कुणाकुणाला त्यावरून ऐकून घ्यावं लागलं असेल, पण एकानेही येऊन आक्कांना सांगितलं नाही.

म्हणजे बुधवारी पानं हातात पडली आणि शुक्रवारी वही नाही. भाऊ उठले आणि त्यांनी ती पेटी पुन्हा उघडली.

५

मांजरपाटाचा तो तुकडा त्यांनी बाहेर काढला आणि आता त्यांना कळलं, की काल काय खटकलं होतं. चोर वही काढेल आणि फडकं फेकून देईल. इथे फडक्याची घडी होती. तीही कशी? किनारीला किनार भिडवलेली, उलटी बाजू बाहेर, सुलटी आत, हातभर लांबीच्या पट्ट्यांत. ही फोल्डिंग खात्याची घडी. प्रितमला रुमालाची घडी येत नव्हती, मृणाली इस्त्रीवाल्याच्या भरवशावर, बायडी कपडे झटकून चौकोनी करी. अशी घडी त्या घरात दोघांनाच येत होती. एक भाऊ, आणि नमुन्यांचे तुकडे घरी आणले की रोज संध्याकाळी शेजारी बसून त्यांना मदत करणारी त्यांची बहीण.

भाऊंनी फडकं तसंच हातात घेतलं आणि आक्कांचं दार ढकललं.

आक्का जाग्या होत्या. त्यांनी फडक्याकडे पाहिलं, भावाच्या तोंडाकडे पाहिलं.

"सापडले का रे मी, बाळा?"

भाऊ कॉटच्या कडेला बसले. आक्काच बोलत राहिल्या. दम घेण्याचा नियम त्यांच्या मास्तरांचा होता, पण मास्तरांची शाळा शांत होती, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नाही. छापील पुस्तकांत स्वल्पविराम कमी दिसत, तेव्हा त्यांना वाटे की छापणारे कंजुषी करतात. बुधवारी रात्री मृणालीची पानं आणि आपली वही त्यांनी शेजारी शेजारी ठेवली, भिंगातून बघितली आणि सगळं लख्ख दिसलं. गुरुवारी दुपारी त्यांनी वही तांदळाच्या कोठीत तळाशी दडवली. सत्कार टळावा, छपाई टळावी, एवढंच मनात होतं. बायडीवर आळ येईल हे स्वप्नातही नव्हतं. प्रितम ओरडत होता तेव्हा भिंतीपलीकडून शब्द कळले नाहीत. पण संध्याकाळी मृणालीने सांगितलं, तेव्हा तरी उठायला हवं होतं.

"ती रात्र मी गप्प राहिले, बाळा. स्वल्पविराम चुकला तो चुकला. पण ही चूक मी जाणून केली."

त्यांनी उठून कोठीतून वही काढून आणली. शेवटच्या पानावर त्यांनी नावं लिहायला घेतली होती, ज्यांचे ज्यांचे गुण आपण उगाच कापले असं आठवत होतं त्यांची. मराठीत होती म्हणून भाऊंना वाचता आली. पहिलंच नाव होतं बाळाराम.

"तुला मीच शिकवलं होतं मॅट्रिकला," आक्का म्हणाल्या. "घरामागे तेव्हाच लूम बसले होते. तू माझ्यामुळे नापास झालास, आणि जन्मभर कापडं उलगडत बसलास."

भाऊ हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. सत्तेचाळीस वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी सांगून टाकलं. बाबांचा पाय मोडला होता, घरात चूल पेटायची पंचाईत, आणि इंग्रजीच्या पेपरच्या दिवशीच कारखान्यात माणसं घेत होते.

"मी पेपर दिलाच नव्हता, आक्का. तू एवढी रात्र रात्र जागून शिकवलंस, तुला कुठल्या तोंडाने सांगू, म्हणून नापास झालो असं म्हटलं."

मग आक्कांनी डोळे पुसले आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे, की सत्काराचं नंतर बघू, उद्या सकाळी आधी मला पाड्यावर ने.

६

रविवारी सकाळी प्रितमने जीप काढली. रात्री त्याला सगळं कळलं होतं आणि तेव्हापासून त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. आक्का पुढे बसल्या, वही मांडीवर.

बायडी शेणाने अंगण सारवत होती. आक्कांना जीपमधून उतरताना बघून ती उठली, बाज पुढे ओढली. आक्का बसल्या नाहीत. शेजारपाजारच्या झोपड्यांतली माणसं बाहेर आली होती, त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तीस वर्षांच्या त्याच आवाजात, त्या बोलल्या. वही मी लपवली. माझी चूक झाकायला लपवली. बायडीवर आळ आला आणि मी गप्प राहिले. प्रितम पुढे झाला, मावशी चुकलो म्हणाला, आणि गल्लीतल्या बाकीच्या तिन्ही घरी मी स्वतः जाऊन सांगतो म्हणाला. ते त्याने त्याच दिवशी केलंही.

बायडीने सगळं ऐकून घेतलं. मग ती सावकाश म्हणाली, "मना म्हाईत व्हतं, आक्का."

भाऊंना वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं. पण बायडी सांगत होती. गुरुवारी दुपारी कपडे वाळत घालायला ती आली, तेव्हा आक्का कोठीपाशी जमिनीवर बसून रडत होत्या. ती तशीच मागे फिरली. शुक्रवारी सकाळी तांदूळ काढताना हात खोल गेला तर हाताला वही लागली. तिने वरून तांदूळ सारखे केले आणि झाकण लावलं. त्यानंतर घटकाभराने प्रितम मागच्या दारी आला होता.

"अगो, मग सांगितलं का नाहीस?" आक्कांचा आवाज फुटला. "तुझी चार घरं गेली."

"तुमी रडत व्हत्या ना," बायडी म्हणाली. "माझ्या पोरीला शिकवनारी बाई रडते, ते मी सगल्यांना सांगू? माझं काय, मी घेतली न्हाय ते मना ठाव व्हतं."

फडक्याच्या घडीवरून चोर ओळखला म्हणून भाऊ कालपासून मनातल्या मनात थोडे खूश होते. ज्या बाईचं नाव वाचवायला त्यांनी दोन दिवस घातले, तिच्याजवळ उत्तर पहिल्यापासून होतं, आणि ते सांगितलं तर आपलं नाव वाचेल हेही तिला कळत होतं. भाऊंना स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त, त्या बाईबद्दल इतकी माया वाटली की त्यांना दुसरीकडे बघावं लागलं.

आक्का बाजेवर बसल्या. बायडीने त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. थोड्या वेळाने तिने सोनलला हाक मारली.

"हिची मार्चला परीक्षा हाय," ती म्हणाली. "जे चुकीचं शिकवलं ते आज नीट करून द्या. रडायचं मंग."

सोनलची वही भाऊंनी बरोबर आणलीच होती. आक्कांनी चष्मा लावला, लाल पेन काढलं. सोनल शेजारी टेकली. पाड्यावर लूमचा आवाज नव्हता, त्यामुळे आक्कांना ओरडावं लागलं नाही. सोनलने न दिलेले आणि आपण लाल शाईने घातलेले ते नऊ स्वल्पविराम त्यांनी एकेक करून खोडले आणि पानाच्या वर कापलेले नऊ गुण तिला परत दिले.